आधी कडं

गिरणीच्या मागच्या भिंतीला एक नळ होता आणि त्या नळावर अख्ख्या गावाचा जीव टांगलेला होता. आधी ओढा आटला, मग चर्चच्या आवारातली विहीर आटली, आणि राहिला तो गिरणीवाल्यांच्या कूपनलिकेचा हा एकच नळ. तो सकाळी एक तास सुटायचा. पाळकीणबाई पाचव्या नंबरावर उभ्या होत्या.

"दोनच बादल्या हं, पाळकीणबाई," गिरणीवाल्यांची बायको वरच्या खिडकीतून म्हणाली. "तुम्हाला नाही म्हणवत नाही, पण मग सगळेच मागतात."

"दोनच आणल्यात," पाळकीणबाई म्हणाल्या, आणि वर हसल्यासुद्धा.

त्या हसण्याचाच त्यांना घरी पोचेपर्यंत राग येत राहिला. चार वर्षं झाली या गावात येऊन. लग्नापासून आजवरच्या पाच गावांत ती दोघं इतके दिवस कुठे टिकली नव्हती. इथे मागच्या अंगणात त्यांनी लिंबाचं झाड लावलं होतं, ते भांडी धुतलेल्या पाण्यावर जगलं होतं आणि यंदा पहिल्यांदा फुललं होतं. एका झाडापायी माणूस किती हसून घेतं, असं त्यांच्या मनात आलं. बादलीच्या कडीनं बोटं कापत होती. गिरणीपासून चर्चपर्यंत चढ होता आणि सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं.

आवारात विहिरीवर काम चालू होतं, म्हणजे चालू असायला हवं होतं. आज रहाट गप्प होता. खणकर म्हातारा कठड्यावर बसला होता, त्याचा मुलगा दोराचं वेटोळं मांडीवर घेऊन, आणि सून रिकाम्या टोपल्याला टेकून. मुलगा चांगला तिशीचा, पण दिवसाला चार शब्द बोलायचा, म्हणून गावानं त्याला घुम्या नाव ठेवलं होतं. गेल्या वर्षी तिघांचा बाप्तिस्मा झाला होता. चर्चमध्ये ते सगळ्यात मागच्या बाकावर बसत आणि प्रार्थनेत सगळ्यात आधी डोळे मिटत.

"का हो बाबा, आज उतरला नाहीत?" पाळकीणबाईंनी बादल्या खाली ठेवल्या.

"उतरलो होतो. वर आलो." म्हाताऱ्यानं शेजारची पहार उचलली आणि कठड्यावर दोनदा हलकेच आपटली. "असा आवाज यायला पाहिजे, बाई. टणक. वरून चार पुरुष खोल असाच येतो. मग हातभर जागा अशी आहे की पहार मारली की नुसतं भस्स होतं. वाळू आहे ती. इतके दिवस पाण्यानं दाबून धरली होती. पाणी गेलं, आता तिला धरायला कुणी नाही."

"मग?"

"मग काय. आधी कडं, मग खोली. खालच्या खडकापासून दगडाचं कडं वर चढवायचं, वाळू झाकायची, मग पुढे खणायचं. सहा दिवस लागतील. दगड तर हे पडलेत." त्यानं हनुवटीनं दाखवलं. फाटकाजवळ घडीव दगडांचा ढीग होता. चर्चच्या आवाराला नवी भिंत बांधायची म्हणून गिरणीवाल्यांनी तो महिन्यापूर्वी आणून टाकला होता.

ढिगाशेजारी एक मोठा सपाट दगड वेगळा टेकवून ठेवला होता. त्यावर गिरणीवाल्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ ही विहीर' असं. रविवारी बिशपसाहेब येणार होते आणि त्यांच्या हस्ते हा दगड विहिरीला बसणार होता. विहिरीत पाणी नव्हतं, पण दगड तयार होता.

गिरणीवाले दहा वाजता आले. मंडळीचे ते सर्वांत वरचे वडील, म्हणजे पंचांमधले पहिले. माणूस धिप्पाड, अंगाला कायम पिठाचा वास, आवाज मात्र मऊ. ते विहिरीकडे गेलेच नाहीत. थेट पाळकांच्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसले. पाळकीणबाई कणीक मळत होत्या, त्या मळतच राहिल्या.

"सहा दिवस म्हणतोय म्हातारा," गिरणीवाले म्हणाले. "परवा बिशपसाहेब येणार. त्यांना काय दाखवू, कोरडा खड्डा?"

"त्याला भीती वाटतेय," पाळक म्हणाले. पाळक शिडशिडीत, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, बोलताना समोरच्याच्या गुडघ्याकडे बघायची सवय.

"भीती नाही हो, आळस. हातभर खणलं की पाणी आहे, मला कूपनलिकावाल्यानं सांगितलंय. आणि ते दगड भिंतीचे आहेत. भिंत दर्शनी भागात दिसते. विहिरीत घातलेले दगड कुणाला दिसतात?"

"त्यांना तुम्हीच सांगून बघा."

"मी सांगितलं की ते मालकाचं बोलणं होतं. तुमचं ऐकतील." गिरणीवाल्यांनी छताकडे पाहिलं. "या घरात चार वर्षं झाली ना तुम्हाला? बिशपसाहेब मला मागे विचारत होते, तुमचे पाळक कसे आहेत, ठेवू की हलवू. मी म्हटलं, राहू द्या, चांगले आहेत. ऐकतात."

ते गेल्यावर पाळक बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. हे पाहणं पाळकीणबाईंना पुढे जन्मभर विसरता येणार नव्हतं. कारण त्या पाहण्यात प्रश्न होता, आणि उत्तर त्यांनी दिलं होतं.

"पाणी लागलं तर बरंच होईल," त्या म्हणाल्या होत्या. "रोज त्या बाईसमोर हसायला नको."

पाळक विहिरीपाशी गेले. त्या हात धुऊन दारात उभ्या राहिल्या. पाळकांनी खणकऱ्यांशी वाद घातला नाही, समजूतही घातली नाही. घुम्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून प्रार्थना केली. पोटात असताना ज्यानं सांभाळलं तो जमिनीच्या पोटातही सांभाळील, अशी काहीतरी सुरेख वाक्यं होती. पाळकांचा आवाज प्रार्थनेत नेहमीच छान लागायचा. घुम्या मान खाली घालून ऐकत होता. आमेन झालं आणि तो उठला, टोपल्यात पाय ठेवला.

"अरे," म्हातारा म्हणाला.

"साहेबांनी प्रार्थना केली ना," घुम्या म्हणाला. त्या दिवसाचे त्याचे चार शब्द तेच.

शुक्रवारचा दिवस निभावला. खालून ओली माती वर यायला लागली तसे गिरणीवाले दोनदा येऊन बघून गेले आणि दुसऱ्यांदा पाळकांच्या पाठीवर थापही मारून गेले.

शनिवारी अकराच्या सुमाराला पाळकीणबाई प्रभुभोजनाचा पेला राखेनं घासत होत्या. आवाज फार मोठा झाला नाही. कुणीतरी पोतं रिकामं करावं तसा भस्स आवाज आला, त्यावर एक धप्प, आणि मग घुम्याच्या बायकोची किंकाळी. ती एकदाच. त्यानंतर ती दोराला लोंबकळून खाली उतरायला लागली आणि म्हाताऱ्यानं तिच्या कमरेला धरून तिला मागे खेचलं.

वाळूचा पट्टा सुटला होता आणि त्याच्यावर टेकलेला एक दगड घेऊन खाली गेला होता. घुम्या मांडीपर्यंत गाडला गेला होता. म्हातारा स्वतः उतरला. वर दोर धरायला सून, पाळक आणि पाळकीणबाई. पाळकांच्या हाताची सालटी निघाली. खालून म्हातारा हातांनी माती उकरत होता आणि दर थोड्या वेळानं वर ओरडत होता, "बोलतोय, बोलतोय तो." घुम्या आयुष्यात बोलला नसेल इतकं त्या अर्ध्या तासात बोलला म्हणे, पण ते फक्त बापानं ऐकलं.

त्याला वर काढलं तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली पायासारखा नव्हता. पाळकीणबाईंनी कमरेला खोचलेलं पेला पुसायचं पांढरं फडकं त्याच्या मांडीला आवळून बांधलं. ते लगेच भिजलं. घुम्याच्या तोंडात, पापण्यांत, कानात वाळू होती आणि तो पाळकांकडे बघत होता. रागानं नव्हे. काहीतरी समजावून सांगावं, अशा नजरेनं. ती नजर पाळकांना सोसली नाही, ते दोर गुंडाळायला लागले. अशा वेळी दोर गुंडाळतात का? पाळकीणबाईंना तिथेच त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

गिरणीचा ट्रक आला. बाप मुलाला घेऊन शहरातल्या इस्पितळात गेला. सुनेला ट्रकमध्ये जागा नाही म्हणाले. ती विहिरीपाशी बसून टोपल्यातली लाल झालेली वाळू मुठीमुठीनं बाहेर काढत राहिली.

तीन वाजता निरोप आला, पाय गुडघ्यापासून कापला. जीव वाचला.

चारला पंच पाळकांच्या ओसरीवर जमले. पंच म्हणायचे, पण बोलणारे एकटे गिरणीवालेच. बाकीचे दोघे आपापल्या बुटांकडे बघत होते. पाळकीणबाई चहा घेऊन आल्या आणि ट्रे हातात धरून भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांना आत जा असं सांगायचं कुणाला सुचलं नाही.

"झालं ते वाईटच झालं," गिरणीवाले म्हणाले. "आता पुढचं बघू. उद्या उपासनेत तुम्ही दोन शब्द सांगा. खणकऱ्यांनी टेकू लावले नव्हते, त्यांच्या हयगयीमुळे अपघात झाला, मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. एवढंच. दुपारी दुसरे दोघे खणकर येताहेत, हातभरच राहिलंय, बिशपसाहेब जेवून उठेपर्यंत पाणी लागेल."

"म्हाताऱ्यानं आधीच सांगितलं होतं," पाळक म्हणाले. "कडं पाहिजे म्हणून."

"कुणाला सांगितलं होतं?"

पाळकांनी गिरणीवाल्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"मला नाही सांगितलं. तो उतरण्याआधी मी तर विहिरीपाशी गेलोही नव्हतो. विचारा हवं तर." गिरणीवाल्यांनी बशीत चहा ओतला आणि शांतपणे फुंकर घातली. "मी 'उतर' म्हणालो का त्याला? तो उतरला तुमच्या प्रार्थनेनंतर. अख्ख्या आवारानं पाहिलं. चूक शोधायला निघालो तर ती तुमच्यापासून सुरू होते, पाळक. मी तुम्हालाच वाचवतोय."

पाळकीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसानं कसा हात झटकला ते त्यांना दिसत होतं. पण त्याहून जास्त संताप आला तो नवऱ्याच्या मानेचा. ती मान हलली होती. नकारार्थी नव्हे, होकारार्थीही नव्हे, नुसती हलली होती.

सगळे गेल्यावर त्यांनी ट्रे आपटला. दोन कप फुटले.

"अगं," पाळक म्हणाले.

"अगं काय? उद्या उभे राहणार तुम्ही आणि सांगणार, त्याचीच चूक? ज्याच्या डोक्यावर हात ठेवलात त्याची?"

"घर जाईल. बदली होईल. कदाचित कामावरूनच काढतील. कुठे जायचं आपण या वयात?"

"जिथे जाऊ तिथे गप्प बसून जाऊ, आणि तिथेही कुणाचा तरी पाय जाईल!" त्यांचा आवाज फाटला. "आणि मीही तुम्हाला जा म्हणालेच होते. पाण्यासाठी. त्या दोन बादल्यांसाठी. मला वाटतं तुम्ही मला ओरडावं, पण तुम्हाला तेसुद्धा जमत नाही."

पाळक खुर्चीत बसले. चष्मा काढला तेव्हा त्यांचे डोळे लहान आणि उघडे दिसले. ते म्हणाले, "मीच उतरतो विहिरीत. उद्या सगळ्यांसमोर. त्या दोघा खणकऱ्यांच्या आधी मी टोपल्यात बसतो. मग बघू गिरणीवाले काय म्हणतात."

पाळकीणबाईंना क्षणभर तेही बरं वाटलं. नवऱ्याच्या तोंडून इतक्या वर्षांत असलं काही निघालं नव्हतं. "चला," त्या म्हणाल्या. "आधी तिला सांगू."

खणकऱ्यांचं बिऱ्हाड आवाराबाहेर, ताडपत्रीच्या आडोशाला होतं. सूर्य मावळत होता. घुम्याची बायको चूल न पेटवता चुलीपुढे बसली होती. नवऱ्याचा उरलेला एक बूट तिनं स्वच्छ पुसून ठेवला होता, दुसरा विहिरीतच राहिला होता. पाळकांनी उभ्याउभ्याच सांगितलं, मी उद्या स्वतः खाली उतरणार आहे. तुमच्या माणसाला उतरवलं तसा मीही उतरतो.

तिनं वर पाहिलं. ती बाई चर्चमध्ये कधी गाण्याचा आवाजसुद्धा वर काढायची नाही.

"तुम्ही उतरून काय होणार, साहेब?"

"म्हणजे... मीही तोच धोका..."

"वाळूला कळतं का पाळक कोण ते? अजून एक माणूस गाडला जाईल. मग तुम्हाला उकरायला माझा सासराच उतरेल, दुसरं कोण." तिनं बूट उचलला, पुन्हा खाली ठेवला. "लोक म्हणतील, पाळक किती शूर. आणि माझा नवरा हयगयीचा, ते तसंच राहील. त्याला तुम्ही तोंडानं उतरवलंत, साहेब. मग आता तोंडानंच सांगा ना. तेवढं एक नको म्हणून तुम्ही विहिरीत उडी मारायला निघालात."

पाळकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, क्षणभर का होईना त्या भुलल्या होत्या.

"हयगय म्हणणार आहेत हे तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"ट्रकवाल्यानं. इस्पितळात गिरणीच्या माणसांनी कागदावर तसंच लिहून दिलंय. सासऱ्याचा अंगठा मागत होते. त्यानं दिला नाही."

परत येताना अंगठा न देणारा म्हातारा पाळकीणबाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्याला अक्षर येत नव्हतं, घर नव्हतं, मुलाचा पाय नुकताच टबात टाकलेला होता, आणि त्यानं अंगठा दिला नव्हता.

रविवारी चर्च भरलं होतं. बिशपसाहेब पुढे उंच खुर्चीत, गोरटेले, थकलेले, प्रवासानं पाय सुजलेले. गिरणीवाले पहिल्या बाकावर. मागच्या बाकावर घुम्याची बायको एकटी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा. माणसं भिंतीला चिकटून उभी होती, पण त्या जागेत कुणी बसलं नव्हतं.

संदेशाची वेळ झाली. पाळक व्यासपीठावर चढलेच नाहीत. खाली, बाकांच्या मधल्या वाटेवर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात कागद नव्हता. हाताला काल दोरानं सोललेल्या जागी पट्ट्या होत्या.

"शुक्रवारी विहिरीच्या तोंडाशी मी एक प्रार्थना केली," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा छान लागला नाही. खरखरीत होता. "ती मी देवाला उद्देशून केलीच नव्हती. त्या माणसाला उद्देशून केली होती. त्यानं उतरावं म्हणून. वाळू सुटलीय हे त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं. मला माहीत होतं."

पाळकांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," ते पुन्हा म्हणाले. "मी देवाचं नाव घेऊन..."

"पाळक," गिरणीवाले बसल्या जागेवरून मऊ आवाजात म्हणाले, "तुमची तब्येत बरी नाही. कालचा धक्का आहे. पेटीमास्तर, गीत घ्या. सगळे उभे राहू."

पेटीमास्तर गिरणीत हिशेबनीस होता. त्यानं मालकाकडे पाहिलं आणि पेटीचा भाता ओढला. सूर निघाला. पहिल्या बाकांवरचे लोक सवयीनं उठले, गायला लागले. मागचेही उठू लागले. पाळकांचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. देवाच्या स्तुतीनं माणसाचं तोंड बंद करायचं, आणि तेही चर्चमध्ये! पाळकीणबाईंनी आजवर पुष्कळ पाहिलं होतं, हे पाहिलं नव्हतं.

त्या उठल्या. मधल्या वाटेनं पुढे गेल्या आणि पेटीच्या भात्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या वजनानिशी तो मिटवला. पेटी कण्हल्यासारखी होऊन थांबली. दोघेतिघे एक ओळ तसेच पुढे गायले आणि ओशाळून गप्प झाले.

"बाई, अहो, काय करताय?" पेटीमास्तर कुजबुजला.

"पाणी भरून भरून हाताला जोर आलाय," पाळकीणबाई म्हणाल्या. "उघडून बघा."

त्यानं उघडून बघितलं नाही.

"चूक शोधायची तर ती माझ्यापासून सुरू होते, असं मला काल सांगितलं गेलं," पाळक म्हणाले. या वेळी ते कुणाच्या गुडघ्याकडे बघत नव्हते. "खरं आहे. म्हणून मी माझ्यापासून सुरू केलं. पण ती माझ्यापाशी संपत नाही. गिरणीवाले माझ्या घरी आले होते. कड्याला सहा दिवस लागतील हे त्यांना माहीत होतं. दगड फाटकाशी पडलेले आहेत, ते भिंतीसाठी हवेत म्हणाले. मला म्हणाले, तुमचं ऐकतील. आणि ऐकलं. त्या माणसानं हयगय केलेली नाही. हयगय आम्ही केली. इस्पितळात जो कागद दिलाय तो खोटा आहे, आणि उद्या जाऊन मी तसं लिहून देणार आहे."

"खाली बसा!" आता गिरणीवाल्यांचा आवाज मऊ नव्हता. "ज्या छपराखाली झोपता ते कुणी घातलंय?"

"तुम्ही," पाळक म्हणाले. "म्हणून तर इतके दिवस गप्प होतो."

सगळ्यांनी बिशपसाहेबांकडे पाहिलं. पाळकीणबाईंनीही पाहिलं. त्यांचे हात अजून भात्यावर होते. एक शब्द, त्यांना वाटलं, यांनी एक शब्द बोलावा. बिशपसाहेबांनी घसा साफ केला, सुजलेले पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि म्हणाले, "हा विषय गंभीर आहे. आपण तो योग्य वेळी समितीत घेऊ. आता आशीर्वाद देतो."

आणि दिला. इतका मोठा अंगरखा, आणि आत एवढंच माणूस.

बाहेर विहिरीपाशी गिरणीवाल्यांनी आणलेले दोघे खणकर उभे होते. उघड्या खिडक्यांतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. एकानं वाकून आत पाहिलं, एक खडा टाकला, आणि आपला दोर खांद्यावर घेतला. "कडं नाही," तो दुसऱ्याला म्हणाला, आणि दोघं चालायला लागले. गिरणीवाले त्यांच्या मागे हाका मारत गेले, पण खणकर थांबले नाहीत. नावाचा दगड फाटकाशी तसाच राहिला. बिशपसाहेब गिरणीवाल्यांकडे जेवले आणि उन्हं कलायच्या आत गेले.

सोमवारी पत्र आलं. महिनाअखेर घर रिकामं करावं. पाळकांनी ते वाचून खिशात ठेवलं आणि बसनं इस्पितळात जाऊन आले. कागद लिहून दिला. घुम्याला भेटले. घुम्या काय म्हणाला ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही.

मंगळवारी सकाळी नळावर गिरणीवाल्यांच्या बायकोनं खाली येऊन पाळकीणबाईंच्या बादलीवरचा नळ बंद केला. पाळकीणबाई या वेळी हसल्या नाहीत. त्या वळल्या. तेव्हा पाणी भरून निघालेल्या एका म्हातारीनं आपल्या बादलीतलं अर्धं पाणी त्यांच्या बादलीत ओतलं. मग तिच्या मागच्या बाईनं. तिच्याही मागच्या बाईनं ओतलं नाही, मान फिरवली. असं करत बादली पाऊण भरली.

आवारात आल्या तर विहिरीवर माणसं होती. खणकर म्हातारा परत आला होता. त्याच्यासोबत सून, पाळक, आणि मंडळीतले सहाजण. सहाच. बाकीचे घराच्या दारांतून बघत होते. म्हाताऱ्यानं आधी वाळूपाशी फळ्या आणि टेकू ठोकून घेतले होते. आता खालच्या खडकावर कड्याचा पहिला थर बसायचा होता. पंचांपैकी बुटांकडे बघणारा एकजण दगड वाहत होता. त्यानं पाळकीणबाईंकडे बघायचं टाळलं, पण दगड खाली ठेवला नाही.

"भिंतीचे दगड आहेत ते," कुणीतरी चाचरत म्हणालं.

"विहिरीलाही भिंतच असते," म्हातारा म्हणाला.

पहिलं टोपलं सोडायच्या आधी सगळे थांबले. सवयीनं माना खाली गेल्या. सगळे पाळकांची वाट बघत होते. त्यांनी हात उचलला, तसाच खाली घेतला.

"करा, साहेब," घुम्याची बायको म्हणाली. तिनं दोर हाताला गुंडाळून घेतला होता. "पण दगड बसल्यावर करा."

पाळकांनी मान डोलवली आणि तिच्या मागे जाऊन दोर धरला. म्हातारा टोपल्यात बसून खाली उतरला.

"पहिला दगड रुंद पाहिजे," खालून म्हाताऱ्याचा आवाज आला. "सपाट. सगळं कडं त्याच्यावर बसणार आहे. आहे का तसला?"

ढिगात सगळे हातभराचे दगड होते. पाळकीणबाईंनी बादली लिंबाच्या झाडापाशी ठेवली. फाटकाजवळ गेल्या, वाकल्या, आणि नावाच्या दगडाला दोन्ही हात घातले. तो एकटीला हलेना. दोघं आले. पाळक दोर सोडून आले तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांनी नुसता चौथा कोपरा धरला. दगड दोरात बांधून कठड्यावरून खाली सोडला. दोर कुरकुरत होता.

"आला," खालून म्हातारा म्हणाला. मग तो बोटांनी अक्षरं चाचपत असावा. "याच्यावर काहीतरी कोरलंय, बाई. ही बाजू कुठे करू?"

पाळकीणबाई कठड्यावर ओणव्या झाल्या. खाली अंधारात म्हाताऱ्याचं टक्कल तेवढं दिसत होतं.

"मातीकडे," त्या म्हणाल्या. "घट्ट बसवा."